झुंडबळी: मारणारे, उशीर करणारे आणि बघणारे

20 जुलै 2018 ची रात्र. राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यात रामगढजवळ लालावंडी गावात जमावाने रकबर खान यांना गाठून मारले. शेजारच्या हरियाणातल्या नूंह जिल्ह्यातला हा दुधाचा धंदा करणारा माणूस दोन गायी घेऊन पायी घराकडे निघाला होता. पोलिसांना खबर मिळाली ती रात्री पाऊण वाजण्याच्या सुमारास. दवाखाना पाच-सहा किलोमीटरवर. रकबर तिथे पोहोचले पहाटे चारला, आणि तोपर्यंत सगळे संपले होते. मधल्या तीन तासांत काय झाले ते त्या आठवड्याच्या बातम्यांत आले आहे. जखमीच्या अंगावरचा चिखल धुतला गेला, गायींना गोशाळेत पोहोचवायची सोय झाली आणि वाटेत चहासाठी गाडीही थांबली.

झुंडबळी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काठ्या घेतलेली टोळी येते. या प्रकरणात मात्र काठीइतकाच जीवघेणा ठरला तो उशीर. त्या उशिराला आपल्याकडे शिक्षा नाही म्हटले तरी चालेल. मे 2023 मध्ये अलवरच्या न्यायालयाने चौघांना सदोष मनुष्यवधासाठी सात-सात वर्षांची सजा दिली, एकाला सोडले. खटल्यात आरोपी होते ते जमावातले. गाडी थांबवणारे त्या पिंजऱ्यात नव्हतेच.

आणखी एक गोष्ट. या घटनेच्या अवघ्या तीन दिवस आधी, 17 जुलै 2018 ला, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात झुंडशाहीविरुद्ध सविस्तर आदेश दिले होते. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा एक नोडल अधिकारी, जलदगती न्यायालयात शक्यतो सहा महिन्यांत निकाल, पीडितांसाठी भरपाईची योजना, आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या पोलीस-अधिकाऱ्यांवर खात्यामार्फत कारवाई. आदेश चांगलाच आहे. पण आपल्या जिल्ह्याचा नोडल अधिकारी कोण, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? मशिदीच्या कमिटीने, मोहल्ल्यातल्या संघटनेने कधी विचारले आहे का?

कायदा आता आणखी पुढे गेला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 103(2) आहे. पाच किंवा जास्त माणसांनी मिळून वंश, जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. गंभीर दुखापतीसाठी 117(4) आहे, त्यात सात वर्षांपर्यंत सजा. ‘धर्म’ हा शब्द या यादीत सरळ लिहिलेला नाही. ‘समुदाय’ आणि ‘वैयक्तिक श्रद्धा’ या शब्दांत तो बसवावा लागतो. ही कसर का ठेवली, हा प्रश्न आम्हाला पडतो. तरी कलम आहे, आणि फिर्याद देताना ते लावा असा आग्रह धरता येतो.

मग अडते कुठे? अडते साक्षीवर, आणि इथेच बघ्यांचा विषय येतो.

त्याच अलवर जिल्ह्यात एप्रिल 2017 मध्ये बहरोडजवळ, दिल्ली-जयपूर हायवेवर, पहलू खान यांना दिवसाढवळ्या मारले गेले. हायवे म्हणजे वर्दळीची जागा. लोक होते, मोबाईल होते, व्हिडिओ साऱ्या देशाने पाहिला. मरण्याआधी पहलू खान यांनी सहा नावे सांगितली होती, पण तपासात त्या सहांना क्लीन चिट मिळाली आणि दुसऱ्यांवर खटला चालला. 14 ऑगस्ट 2019 ला न्यायालयाने सहाही प्रौढ आरोपींना संशयाचा फायदा देऊन सोडले. व्हिडिओ असून असे कसे? तर एक चित्रण ज्या मोबाईलवर झाले, तो मोबाईलच पोलिसांनी जप्त करून नीट तपासला नव्हता. दुसरे चित्रण ज्याने केले, तो साक्षीदार कोर्टात फितूर झाला. लाखो लोकांनी पाहिलेली गोष्ट कोर्टाच्या हिशेबाने कोणीच पाहिली नव्हती.

हे राजस्थानचे झाले म्हणून आपण महाराष्ट्रात निश्चिंत राहावे असे काही नाही. पुण्यात हडपसरला 2 जून 2014 च्या रात्री नमाज पढून परतणाऱ्या मोहसिन शेख या तरुण अभियंत्याला मारले गेले, ते फेसबुकवरच्या कोणाच्या तरी पोस्टचा राग म्हणून. त्याचा त्या पोस्टशी काडीचा संबंध नव्हता. जानेवारी 2023 मध्ये सगळे आरोपी सुटले. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला 1 जुलै 2018 ला, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार केले. पालघरच्या गडचिंचले गावात 16 एप्रिल 2020 ला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तेही पोलीस जागेवर असताना! झुंडीला धर्म नसतो असे सरसकट म्हणणे आम्हाला पटत नाही. अलवर आणि हडपसरच्या झुंडीने माणूस त्याच्या धर्मावरूनच निवडला होता. पण एकदा झुंडीला हात साफ करायची सवय लागली की ती डवरी गोसाव्यालाही सोडत नाही आणि साधूलाही नाही, हेही तितकेच खरे आहे.

ऑगस्ट 2024 चे धुळे-मुंबई रेल्वेगाडीचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. जळगाव जिल्ह्यातले एक वयस्कर गृहस्थ मुलीकडे कल्याणला निघाले होते. इगतपुरीच्या आसपास काही तरुणांनी त्यांच्याकडच्या बरणीतल्या मांसावरून त्यांना मारहाण केली, शिव्या दिल्या. ते म्हशीचे आहे असे बाबा सांगत राहिले, आणि म्हशीच्या मांसावर महाराष्ट्रात बंदी नाहीच. डब्यात प्रवासी होते. कॅमेरे चालू झाले, साखळी मात्र कोणी ओढली नाही. पोलिसांनी आधी जामीन मिळेल अशी कलमे लावली, ओरड झाल्यावर गंभीर कलमे वाढवली.

लोक गप्प का बसतात, याचे उत्तर ‘माणुसकी मेली’ असे देऊन आपण मोकळे होतो. आम्हाला ते अर्धवट वाटते. भीती खरी असते. ‘मध्ये पडलो तर मलाच मारतील’ ही एक भीती, आणि ‘पोलीस मलाच चौकीत बसवून ठेवतील’ ही दुसरी. दुसरी भीती हवेतून आलेली नाही. 2002 च्या घाटकोपर स्फोटाच्या प्रकरणात पकडलेला परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस जानेवारी 2003 मध्ये ‘पळून गेला’ असे पोलिसांनी सांगितले. सीआयडीच्या तपासात तो कोठडीतच मेल्याचे पुढे आले. त्याची आई वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिली, आणि 2020 मध्ये आरोपी पोलीस पुन्हा नोकरीवर घेतले गेले. त्याच परभणीत डिसेंबर 2024 मध्ये कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी याचा अटकेनंतर मृत्यू झाला. शवविच्छेदनात अनेक जखमा आढळल्या. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, हा आदेश मिळवायला जुलै 2025 उजाडला, तोही उच्च न्यायालयातून. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही तोच आदेश कायम राहिला. ज्याने हे पाहिले आहे तो रस्त्यावर जखमीजवळ थांबायला कचरणारच.

तरीही बघ्याच्या हातात काही गोष्टी आहेत, आणि त्यासाठी झुंडीत उडी घ्यावी लागत नाही. 112 ला फोन करा, त्याची वेळ नोंदली जाते. रकबर प्रकरणात पोलिसांचा उशीर उघडा पडला तो वेळांच्या नोंदीमुळेच. खुनासारखा गुन्हा घडताना माहीत असेल तर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना कळवणे हे नागरी सुरक्षा संहितेच्या कलम 33 नुसार प्रत्येकाचे कायदेशीर कर्तव्यच आहे. फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, ‘आमची हद्द नाही’ हे कारण चालत नाही. अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात संरक्षण आहे (कलम 134अ), मारहाणीतल्या जखमीसाठी असे वेगळे कलम नाही. ते असावे ही मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे करायला काय हरकत आहे?

व्हिडिओ काढला असेल तर तो कापू नका, त्यावर गाणे-मजकूर चढवू नका. व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत म्हणजे मूळ पुरावा नव्हे. मूळ फाईल मोबाईलमध्येच राहू द्या. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यावर मोबाईल ज्याच्या ताब्यात आहे त्याची आणि तज्ज्ञाची सही लागते. वकिलाला पहिल्याच दिवशी हे विचारा. आणि साक्ष द्यायची भीती वाटत असेल तर 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो.

साक्ष उभी राहिली तर काय होते, ते उत्तर प्रदेशातल्या हापूड प्रकरणात दिसले. 18 जून 2018 ला गोहत्येच्या अफवेवरून कासिम यांना मारले गेले. त्यांना फरफटत नेले जात असताना पोलीस पुढे चालताहेत असा फोटो गाजला आणि पोलीस खात्याला माफी मागावी लागली. तरी फिर्याद लिहिली होती मोटरसायकलच्या धडकेवरून झालेल्या भांडणाची. त्याच मारात समीउद्दीन नावाचे वयस्कर शेतकरी अर्धमेले होऊन वाचले होते. ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली तपास करायला लावला आणि समीउद्दीन यांनी साक्ष दिली. मार्च 2024 मध्ये दहाजणांना जन्मठेप झाली. या दोघांना मारले जात असताना शेतात बाकी जी माणसे उभी होती, त्यांतले बरेचजण आजूबाजूच्या गावांतलेच होते.