चाळीतला निरोप चाळीतच!

गिरगावच्या चाळीत निरोप पोहोचवण्याचे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. गॅलरीच्या या टोकाला हाक घातली की त्या टोकाला पोहोचते. आज मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी ‘पाणी आले’ असे तळमजल्यावर कळवले, तर तो निरोप आधी इंटरनेटवर चढतो, कुठल्याशा दूरच्या यंत्राला भेटतो आणि मग खाली उतरतो! बाहेरची तार तुटली की सख्खा शेजारीही परगावचा होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा फोन मुके झाल्यावर काय होते ते मुंबईकरांनी पाहिले आहे.

म्हणून आम्ही चाळीपुरते निरोपघर मांडले. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. यंत्राची विद्या शेजारच्या मुलाची. कमिटीच्या खोलीत एक जुना संगणक ठेवला. हा सर्व्हर, म्हणजे आमचे टपालघर. तेथून स्विचमार्गे मजल्यामजल्यावर वायर नेली व वायफायच्या पेट्या बसवल्या. अशी एक वायर १०० मीटरपर्यंत चालते. चाळीला तेवढी पुष्कळ झाली. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते अशा खाजगी जाळ्यांसाठीच राखलेले आहेत.

यंत्रांची आपसांतली भाषा एक्सएमपीपी. जेरेमी मिलर यांनी १९९९ साली ती ‘जॅबर’ या नावाने जगापुढे आणली. ती जाणणारे सर्व्हरचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि त्याचे नाव ‘प्रोसोडी’, म्हणजे चक्क छंदशास्त्र! माझी संमती तेथेच मिळाली.

प्रत्येक बिऱ्हाडाला नाव व पासवर्ड दिला. बाहेरच्याला नोंदणी बंद. युनिकोडमुळे मराठी स्वच्छ उमटते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली होती, ते ध्यानात ठेवून सर्व्हर, स्विच व पेट्या यांना बॅटरीचा आधार दिला. डोंबिवलीच्या मुलाला किंवा अमेरिकेतल्या नातीला यावरून निरोप जात नाही. त्यासाठी व्हॉट्सॲप आहेच.

सर्वांच्या सामायिक कट्ट्याचे नाव आम्ही ‘गॅलरी’ ठेवले. कित्येक खोल्यांत आता एकटी वृद्ध माणसेच उरली आहेत, आणि दारे पूर्वीसारखी उघडी नसतात. गेल्या पावसाळ्यात इंटरनेट दोन दिवस बंद होते. रात्री पावणेदोनला दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ‘गॅलरी’त दोनच शब्द लिहिले: ‘दम लागतोय’. हाक मारण्याइतका आवाज त्यांच्यात नव्हता. पाच मिनिटांत चार दारे उघडली, आणि काकू वेळेवर इस्पितळात पोहोचल्या.