लाल रेघ दिसत नसेल तर? टर्मिनलवर तपासा इंग्रजी स्पेलिंग

निमगाव सावाहून खोडद काही लांब नाही. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या दुर्बिणीचं नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. त्यातल्या मीटरचा शेवट टी-आर-ई, म्हणजे ब्रिटिश वळणाचा. आपल्या शाळांतही हेच वळण. पण संगणकावर बहुतेकदा अमेरिकन इंग्रजी आधीच निवडलेलं असतं, आणि मग 'कलर'मधल्या 'यू'वर लाल रेघ येते. स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्या अंध मित्रांना त्या रेघेचा उपयोग किती, हे सांगायला नको.

त्यांच्यासाठी टर्मिनलवर स्पेलिंग तपासणारा हनस्पेल उत्तम. उबुंटूवर हनस्पेल आणि त्याचा ब्रिटिश इंग्रजी कोश ही दोन मोफत पॅकेजं टाका. आज्ञेत 'डी' पर्यायापुढे 'एन अंडरस्कोर जीबी' द्या, मग 'एल' पर्याय आणि फाइलचं नाव. संशयित शब्द ओळीने एकेक येतात. ऑर्का हा स्क्रीन रीडर ते निवांत वाचतो. पुन्हा पुन्हा येणारे शब्द 'सॉर्ट'ने गाळा, चूक कितव्या ओळीत आहे ते 'ग्रेप'ला विचारा.

'एल' विसरू नका! त्याशिवाय पूर्ण पडदा व्यापणारा संवादी प्रकार उघडतो. स्क्रीन रीडरसाठी तो माझ्या मते डोकेदुखीच.

निमगाव, जुन्नर, खोडद ही नावंही चूक ठरू शकतात. ती साध्या फाइलमध्ये ओळीला एक अशी लिहा आणि 'पी' पर्यायाने जोडा.

आपल्या गावांची अशी यादी कुणी केली असेल तर इथे जरूर टाका.