‘घ्या’ आणि ‘वगळा’

परभणी जिल्ह्यांतील गोदाकांठचें गंगाखेड हें संत जनाबाईचें जन्मस्थान मानलें जातें. नामदेवांच्या गाथेंत तिचेहि अभंग छापलेले आढळतात. अशा गाथेंतील एकेक अभंग एकेका कार्डावर उतरून तीं कार्डें संगणकांत ठेवलीं, तर निवडीसाठीं दोन आज्ञा लागतात : ‘घ्या’ आणि ‘वगळा’.

‘घ्या’ म्हणून ‘विठ्ठल’ व ‘दळण’ हे दोन शब्द दिले, तर दोन्ही असलेलींच कार्डें हवींत कीं कोणताहि एक असलेलीं, हें यंत्रानें विचारून घ्यावें. ‘वगळा’ला असा पर्याय नको, एक खूण जुळली कीं कार्ड बाजूस, मग तें ‘घ्या’मध्यें बसत असलें तरी. तांदुळांतला खडा पांढरा म्हणून कोणी शिजवीत नाहीं.

खरी गफलत पुढेंच आहे. नामदेवांचे अभंग टाळण्यासाठीं कोणी नुसतें ‘नाम’ वगळलें, तर ‘नामयाची जनी’ ही मुद्रा असलेले जनाबाईचे अभंगहि मुकाट्यानें नाहींसे होतात, आणि शोधणारास वाटतें, तिनें रचले ते एवढेच! म्हणून कर्त्याचा रकाना निराळा असावा, वगळावयाचें नांव त्याच रकान्यांत पाहिलें जावें, आणि किती कार्डें गळलीं तो आंकडा यादीच्या माथ्यावर दिसावा. त्यावर बोट ठेवतांच गळलेलीं कार्डें समोर यावींत.