हाताची हालचाल आणि कसाचे खेळ

व्हिडिओ गेम म्हणजे मुलांचा वेळ खाणारे खेळणे, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. परंतु अचूक नेम, दूरदृष्टीची व्यूहरचना आणि चिकाटी यांचा कस पाहणारे, पुरे करण्यास चाळीस-पन्नास तास घेणारे खेळ हा प्रौढांचाही एक स्वतंत्र प्रांत आहे. अशा कसाच्या खेळांना हाताच्या हालचालीवर चालणारे नियंत्रण मानवते काय, हा वाद खेळाडूंमध्ये २००६ पासून चालू आहे. वरवर पाहता तो आपल्या व्यवसायाशी असंबद्ध वाटेल. त्याचे उत्तर मात्र शरीरक्रियाशास्त्राच्याच अंगाने मिळते.

नोव्हेंबर २००६ मध्ये जपानच्या निंटेंडो कंपनीने ‘वी’ हे यंत्र बाजारात आणले. रिमोटसारखी कांडी हवेत फिरवावी आणि पडद्यावरील खेळाडूने टेनिसचा फटका मारावा, ही कल्पना आजी-आजोबांनाही भावली. या यंत्राचे दहा कोटींहून अधिक नग खपले. दिवाणखान्यातील करमणूक म्हणून ते नामीच होते. त्याच सुमारास आलेल्या ‘रेड स्टील’ या खेळात मात्र तलवारबाजीचा प्रसंग आला की निराशा पदरी पडे. खेळाडूने हात कोणत्याही कोनात फिरवला तरी पडद्यावरील पात्र ठरावीक वारांपैकीच एखादा वार करून मोकळे होई.

याचे कारण कान-नाक-घसा तज्ज्ञांना चटकन उमगेल. मूळ कांडीत त्वरणमापक, म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर होता. रेषीय त्वरण आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा तो ओळखतो. आपल्या अंतःकर्णातील युट्रिकल आणि सॅक्यूल हेच काम करतात. परंतु वळण्याची जाणीव देणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकांसारखे त्या कांडीत काहीच नव्हते. २००९ मध्ये गायरोस्कोप असलेली ‘मोशनप्लस’ ही जोड आली, तेव्हा कुठे ही उणीव भरून निघाली. २०११ चा ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ हा खेळ तिच्यावरच बेतलेला होता. शत्रूचा बचाव ज्या बाजूस असेल ती बाजू टाळून वार करावा लागे, त्यामुळे हालचालीला प्रथमच अर्थ आला.

तरीही एक अडचण उरलीच. पडद्यावरची तलवार ढालीवर आपटून थांबते. खेळाडूचा हात मात्र हवेत पुढे निघून जातो. डोळे मेंदूला एक सांगतात, स्नायू आणि सांधे दुसरेच. कॅरम खेळताना स्ट्रायकरचा बोटाला जो प्रतिकार जाणवतो, त्यावरच आपण पुढचा फटका तोलतो. हवेत तोलायचे कशाच्या आधारे? बेभान होऊन हात फिरवण्याचा परिणाम २००७ मध्येच ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील एका पत्रात नोंदला गेला. काही तास वी-टेनिस खेळलेल्या २९ वर्षांच्या तरुणाच्या इन्फ्रास्पायनेटस स्नायूच्या कंडरेचा दाह झाला होता, आणि स्पेनमधील पत्रलेखक डॉक्टरांनी त्यास मिस्कीलपणे ‘वीआयटिस’ असे नाव दिले होते.

नोव्हेंबर २०१० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘किनेक्ट’ने कांडीही काढून घेतली, कॅमेराच शरीराच्या हालचाली टिपू लागला. ‘स्टील बटॅलियन’ या युद्धखेळाचा इतिहास येथे बोलका आहे. २००२ मध्ये तो सुमारे चाळीस बटणे आणि पायांखालचे पेडल अशा अवजड सरंजामासह आला होता आणि त्यातच त्याची लज्जत होती. २०१२ मध्ये त्याचाच पुढचा खेळ किनेक्टवर आला, तेव्हा कळ ओढावी एक आणि यंत्राने समजावे भलतेच, असा प्रकार होऊन समीक्षकांनी त्याची यथेच्छ हजेरी घेतली. किनेक्टचे उत्पादन २०१७ मध्ये बंद झाले.

मग हालचालीचे नियंत्रण गंभीर कामास अपात्रच म्हणायचे काय? तसे म्हणता येत नाही, कारण त्याहून गंभीर काम याच तत्त्वावर चालते. २००० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली ‘दा विंची’ ही शस्त्रक्रिया-प्रणाली म्हणजे हातांच्या हालचाली टिपणारे नियंत्रणच आहे. परंतु ती हाताची मोठी हालचाल लहान करून उपकरणाकडे पाठवते, कंप गाळते आणि मुख्य म्हणजे तिला क्लच आहे. पेडल दाबले की उपकरणे जागीच थांबतात आणि शल्यविशारदाला हात सोयीच्या जागी आणता येतात. कोणती हालचाल ही आज्ञा आणि कोणती नव्हे, हे माणूस ठरवतो. किनेक्टपुढे नाक खाजवले तरी ती आज्ञा ठरण्याचे भय!

माझ्या मते सारा निवाडा या क्लचपाशीच होतो. २०१५ चा ‘स्प्लाटून’ पाहावा. त्यात मोठे वळण अंगठ्याखालील दांडीने घेतात आणि बारीक नेम हातातील नियंत्रक किंचित कलवून साधतात. नेम भरकटलाच तर एका बटणाने तो पूर्ववत मध्यावर येतो. दृष्टी आणि मनगट यांच्यात अखंड दुरुस्ती चालू राहते, जशी बोट-नाक चाचणीत निरोगी लघुमेंदू करतो. स्पर्धेत उतरणारे खेळाडूही ही पद्धत आवडीने वापरतात. हालचाल इंचाच्या अंशाची, पण कामाची.

पुनर्वसनाच्या क्षेत्रातही या यंत्रांचा गाजावाजा झाला. पक्षाघाताच्या १४१ रुग्णांवरील ‘एव्हरेस्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आले. एका गटास वी, दुसऱ्यास पत्ते, बिंगो यांसारखे साधे खेळ दिले होते. हाताची हालचाल दोन्ही गटांत सुधारली आणि वी काही सरस ठरले नाही. पत्त्यांचा जोड किती स्वस्त, हे सांगायला नकोच.

हालचालीची सक्ती केली की अर्धांगवायू, कंपवात किंवा संधिवात असलेला रसिक खेळाबाहेर पडतो, ही बाब मला तांत्रिक गुणदोषांहून महत्त्वाची वाटते. ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ २०२१ मध्ये नव्या रूपात आला, तेव्हा केवळ बटणांनी खेळण्याची सोय त्यात दिली गेली. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपंग खेळाडूंसाठी मोठ्या बटणांचा, हव्या त्या बाह्य कळी जोडता येतील असा नियंत्रक काढला. एखाद्या रुग्णाने किंवा त्याच्या नातवाने यंत्र घ्यावे काय असे विचारल्यास, हवा असलेला खेळ बटणांनीही खेळता येतो का, एवढे दुकानातच पाहून घेण्यास सांगावे.