मॅक प्रो

ॲपल या अमेरिकन कंपनीने व्यावसायिक उपयोगासाठी तयार केलेल्या डेस्कटॉप संगणकांची मालिका. चित्रपटसंकलन, ध्वनिमुद्रण, ॲनिमेशन, वैज्ञानिक गणने इ. अवजड कामे करणाऱ्या ग्राहकांसाठी हा संगणक ऑगस्ट २००६ मध्ये प्रथम विक्रीस आला. क्षमतेप्रमाणेच नूतनीकरणास झालेला दीर्घ विलंब व त्यामुळे उत्पादकावरील विश्वासास गेलेला तडा यांमुळेही तो चर्चेचा विषय ठरला आहे.

व्यावसायिक ग्राहकाची गरज : घरगुती वापरातील संगणक जुना झाल्यास काम थोडे संथ होते, एवढीच अडचण असते. संकलनकक्षात मात्र संगणकाभोवती साठवणसंच, ध्वनियंत्रे, विशेष कार्डे, सॉफ्टवेअर आणि त्यांत मुरलेली माणसे यांची संपूर्ण व्यवस्था उभी असते. संगणकाची पद्धती बदलणे म्हणजे ही सर्व घडी मोडून नव्याने बसविणे होय. त्यामुळे असा ग्राहक सहजासहजी उत्पादक बदलत नाही; पण एकदा दुसरीकडे गेला, की तितक्याच सहजपणे परतही येत नाही. त्याला खरेदीची आखणी बरीच आधी करावी लागते व त्यासाठी पुढील यंत्र येणार किंवा नाही, हे कळणे आवश्यक असते.

मूळ रचना व पहिला विलंब : २००६ मधील मॅक प्रो सु. ५१ सेंमी. उंचीच्या ॲल्युमिनियमच्या पेटीत बसविलेला होता. तीत चार हार्ड डिस्कची व विस्तारक कार्डांसाठी चार खाचांची सोय होती. ग्राहक स्वतः स्मृती वाढवू शके, ग्राफिक्स कार्ड बदलू शके. त्यामुळे एकच यंत्र अनेक वर्षे उपयोगी पडे. २०१० नंतर मात्र सुधारणा मंदावली. जून २०१२ मधील बदल नाममात्र होते. कंपनीच्या सुवाह्य संगणकांत आलेली थंडरबोल्ट व यूएसबी ३ ही जोडणी त्यात नव्हती. विद्युत् सुरक्षेच्या सुधारित मानकांत न बसल्याने मार्च २०१३ पासून यूरोपीय संघात त्याची विक्री थांबली. त्यापूर्वी, २०११ मध्ये, फायनल कट प्रो या संकलन-सॉफ्टवेअरची संपूर्ण नवी आवृत्ती निघाली होती. तीत जुन्या आवृत्तीतील काम उघडता येत नसे. अनेक कॅमेऱ्यांच्या चित्रणाचे एकत्र संकलन करण्याची सोयही प्रारंभी नव्हती. व्यावसायिकांच्या मनात शंकेचे बीज या घटनेमुळेच पडले.

दंडगोलाकार रचना : डिसेंबर २०१३ मध्ये पूर्णतः नव्या आकाराचा मॅक प्रो आला. सु. २५ सेंमी. उंच व १७ सेंमी. व्यासाच्या या काळ्या दंडगोलात मध्यभागी त्रिकोणी धातुगाभा असून प्रोसेसर व दोन ग्राफिक्स प्रोसेसर त्याच्या तीन बाजूंस बसविलेले होते. सर्वांची उष्णता हा गाभा शोषून घेई व वरचा एकच पंखा ती बाहेर टाकी. सॉफ्टवेअर आपले काम दोन ग्राफिक्स प्रोसेसरांत विभागील, या अपेक्षेवर ही रचना आधारलेली होती. प्रत्यक्षात उद्योगाचा कल एकाच मोठ्या व अधिक वीज वापरणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसराकडे वळला. त्याची उष्णता एका बाजूने शोषून घेणे या गाभ्यास झेपण्यासारखे नव्हते. आत विस्तारक खाचा नसल्यामुळे ग्राहकालाही स्वतः इलाज करता येईना. अशा रीतीने रचनेतील गृहीतच चुकल्याने नूतनीकरणाची वाट खुंटली. तीन वर्षांहून अधिक काळ तेच यंत्र मूळच्याच किंमतीस विकले जात होते व पुढील योजनेविषयी कंपनीने मौन पाळले होते. या काळात अनेक व्यावसायिक विंडोज अथवा लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांकडे वळले.

कबुली व पुनर्रचना : एप्रिल २०१७ मध्ये कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मोजक्या पत्रकारांना बोलावून चूक मान्य केली. उष्णतेच्या बाबतीत आपण स्वतःलाच कोपऱ्यात अडकवून घेतले, अशा आशयाचा खुलासा क्रेग फेडरिगी यांनी केला व नवा मॅक प्रो येणार असल्याचे जाहीर करण्यात आले. भावी उत्पादनांविषयी गुप्तता पाळणाऱ्या या कंपनीच्या दृष्टीने ही गोष्ट असाधारण होती. मध्यंतरीची सोय म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये आयमॅक प्रो विक्रीस आला. पुढे व्यावसायिकांच्या कामाची पद्धत जवळून अभ्यासण्यासाठी कंपनीने चित्रपट, संगीत इ. क्षेत्रांतील जाणकारांचा एक गट नेमला. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये आठ विस्तारक खाचा व १.५ टेराबाइटपर्यंत स्मृती असलेला मॅक प्रो आला. तथापि त्याची प्रारंभिक किंमत आधीच्या यंत्राच्या दुप्पट, म्हणजे ५,९९९ डॉलर होती.

नंतरचा काळ : त्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी, जून २०२० मध्ये, कंपनीने इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःच्या चिपांकडे वळण्याचे जाहीर केले. जून २०२३ मध्ये आलेल्या मॅक प्रोमध्ये वेग वाढला. पण स्मृतीची मर्यादा १९२ गिगाबाइटवर आली आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसविण्याची सोय राहिली नाही. त्याच वेळी तीच चिप असलेला मॅक स्टुडिओ हा लहान संगणक पुष्कळच कमी किंमतीस उपलब्ध झाला.

मूल्यमापन : कंपनीने २०१७ मध्ये दिलेल्या माहितीनुसार मॅक संगणकांच्या एकूण विक्रीत मॅक प्रोचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी होता. त्यामुळे विलंबाची हानी हिशेबाच्या वहीत ठळकपणे दिसली नाही. परंतु इतरांना सल्ला देणारा, सॉफ्टवेअर लिहिणारा व नवोदितांना कामाची पद्धत शिकविणारा वर्ग याच ग्राहकांचा असतो. त्याचे मत विक्रीच्या आकड्यांपलीकडे परिणाम करते. यंत्रास उशीर झाला, तर असा ग्राहक एखादे वर्ष थांबू शकतो. मात्र उत्पादक काहीच सांगत नसेल, तर थांबणे हाच त्याच्या व्यवसायास धोका ठरतो. २०१७ च्या कबुलीने हे मौन सुटले, तरी त्या काळात व्यवस्था बदलून गेलेल्यांना परत आणण्यास केवळ नवे यंत्र पुरेसे नव्हते.