तळणीचे तेल गाळले, म्हणजे डिझेल झाले का?

बंगळुरूच्या दक्षिणेस होसूर मार्गावर असलेल्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीत मालमोटारींची सतत वर्दळ असते. तळणीचे वापरलेले तेल गाळून डिझेलमध्ये मिसळावे, हा विचार अशा ठिकाणी कोणालाही मोहात पाडेल. कल्पना जुनीच आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवण्यात आले होते.

मात्र गाळल्याने कण निघतात, दाटपणा जात नाही. वनस्पती तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असते. त्याचा बारीक फवारा उडत नाही, अर्धवट जळालेले तेल इंजेक्टरवर साचते आणि पिस्टनच्या रिंगा अडकतात. जुनी इंजिने हे काही काळ सोसतात, उच्च दाबाच्या नव्या इंजिनांना ते झेपत नाही. इंधनावर वाचवलेला पैसा मग दुरुस्तीत जातो.

खरा उपाय रासायनिक आहे. तेलावर मिथेनॉल आणि अल्कलीची प्रक्रिया केली की ग्लिसरीन तळाशी बसते, वर बायोडिझेल उरते. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू केलेला ‘रुको’ उपक्रम याचसाठी आहे. इंजिनातून काढलेल्या काळ्या तेलाची गोष्ट वेगळी. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा असून अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच सोपवावा लागतो.