रायपूरहून अटलांटिककडे: पीएच.डी.बद्दलचे गैरसमज

‘अटलांटिक जगाचा इतिहास’ म्हटलं की रायपुरातली आपली एम.ए. झालेली मुलं म्हणतात, हा अमेरिकेचा विषय, आपला काय संबंध? सगळ्यात जास्त नुकसान याच गैरसमजाने होतं. हा इतिहास युरोप, आफ्रिका आणि दोन्ही अमेरिका जोडणाऱ्या माणसांचा आणि मालाचा आहे, आणि त्यातला बराच माल आपल्याकडचा होता. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम विकत घेताना युरोपीय व्यापारी भारतीय सुती कापड देत. मालदीवच्या कवड्याही बालेश्वरसारख्या बंदरांतून युरोपमार्गे तिथे पोचत.

कापसाचं उदाहरण तर अगदी घरचं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा सुमारे तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतून, गुलामांच्या श्रमातून येई. १८६१ मध्ये तिकडे यादवी युद्ध पेटलं आणि तो आटला. त्याच वर्षी मध्य प्रांत स्थापन झाला. रायपूर त्यातच होतं. वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला अचानक भाव आला, १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर तो उतरला. मग शेतकरी कापसाकडे वळले तेव्हा वऱ्हाड-हिंगणघाटकडच्या माणसांनी खाल्लं काय? रेल्वे नसलेल्या रायपूरहून बैलगाड्यांनी किती तांदूळ पश्चिमेकडे गेला, आणि त्याने इथल्या धान्याच्या भावाचं काय झालं? प्रबंधासाठी एवढा प्रश्न पुरेसा आहे, आणि तो रायपूरच्या विद्यार्थ्याला जितका सहज सुचेल तितका बोस्टनच्या विद्यार्थ्याला सुचणार नाही. विचारांचा धागा हवा असेल तर जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं, तिथून सुरुवात करा.

कागदपत्रं फक्त परदेशात मिळतात, हेही अर्धंच खरं. गुलामवाहू जहाजांच्या सुमारे ३६,००० सफरींची माहिती ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ या संगणकीय संग्रहात कुणालाही फुकट पाहता येते. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज राजवटीची शतकांची दप्तरं आहेत. त्यांचा अटलांटिकशी संबंध असा, की लिस्बन-गोवा मार्गावरची जहाजं ब्राझीलच्या बाहिया बंदरालाही लागत. मात्र नुसत्या इंग्रजीवर हे निभत नाही. पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच किंवा डच यांपैकी एक भाषा लागतेच, आणि ती एम.ए.च्या पहिल्या वर्षापासून शिकायला घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात शिरायचं असेल तर मोडी लिपीही हवी.

पैशांचा धाक अनेकांना थांबवतो. अमेरिकेतली बरीच चांगली विद्यापीठं पीएच.डी.ला घेतलेल्या विद्यार्थ्याची फी माफ करतात आणि वर विद्यावेतन देतात. कित्येक ठिकाणी एम.ए.ची अटही नसते. भारतात नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात. जेआरएफ हुकली म्हणजे संपलं, असंही नाही: जून २०२४ पासून नेटमध्ये केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरवणारा वेगळा गट आहे. शोधनिबंध छापून आल्याशिवाय प्रबंध सादरच करता येत नाही, ही विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) अट २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. विद्यापीठाचे स्वतःचे नियम मात्र पाहून घ्या.

गाईड ‘अटलांटिकवाला’च हवा, हा हट्टही सोडा. वसाहतकाळातल्या शेतीवर किंवा व्यापारावर काम केलेले प्राध्यापक हा विषय उत्तम सांभाळतात. पण प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. तेव्हा भेटायला जाण्याआधी जागा रिकामी आहे का ते विचारा, आणि जाताना आपला प्रश्न दोन पानांत लिहून न्या.